बंदराच्या देखाव्याचे तिसरे पान

पुरवणी जबाब

जबाब देणार: या गुन्ह्यात अटक झालेल्या फ्रेमवाल्याची थोरली बहीण. वय: ६३ वर्षे. व्यवसाय: सेवानिवृत्त, वस्तुसंग्रहालयाच्या कागद-दुरुस्ती विभागाची माजी प्रमुख. राहणार: छापखान्यामागची गल्ली, शेवटची इमारत, दुसरा मजला.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. वस्तुसंग्रहालयात एकतीस वर्षे नोकरी करून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जुने नकाशे व छापील चित्रे पाण्यातून काढून स्वच्छ करणे, फाटलेले सांधणे व मागून कापडाचे अस्तर लावणे हे माझे काम होते. या कामाचे शिक्षण मी सहा वर्षे घेतले व शेवटच्या परीक्षेत पहिली आले.

या महिन्याच्या नऊ तारखेला मी याच ठाण्यात पहिला जबाब दिला. त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. काल, पंधरा तारखेला, पंचांसमक्ष जे झाले त्यानंतर हा जबाब देत आहे. पहिल्या जबाबात लेखनिकांनी माझ्या कामाला ‘धुलाई’ म्हटले होते. धुलाई कपड्यांची होते. या वेळी मी सांगेन तेच शब्द लिहावेत अशी विनंती केली व ती मान्य झाली.

ज्या चित्राबद्दल गुन्हा नोंदला आहे तो एका बंदराच्या शहराचा जुना देखावा आहे. नांगर टाकलेल्या जहाजावरून किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत जसा दिसेल तसा तो तांब्याच्या पत्र्यांवर कोरून पाच पानांवर छापलेला आहे व नंतर हाताने रंगवलेला आहे. पाच पाने एकमेकांना लावली की लांबी दहा फुटांवर जाते. पहिल्या पानावर दीपगृह, पाचव्यावर जहाजे बांधण्याचा कारखाना. तिसरे पान मधले. त्यावर जकातघर, धक्का, गोदामे व चौसष्ट गलबते आहेत. पाहणाऱ्याला हे एकच चित्र वाटते व तसेच वाटले पाहिजे. सांधा दिसला तर काम वाईट झाले असे समजावे.

सत्तावीस वर्षांपूर्वी हा देखावा स्वच्छ करण्यासाठी माझ्या विभागात आला. रंगवलेले पान पाण्यात घालण्यापूर्वी प्रत्येक रंगावर पाण्याचा थेंब ठेवून, टीपकागदाने टिपून, रंग सुटतो का ते पाहावे लागते. ही चाचणी प्रत्येक पानाची स्वतंत्र घ्यायची असते. नवख्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. पहिल्या दोन पानांची चाचणी मी घेतली. रंग पक्के होते व पाने उत्तम निघाली. तिसऱ्याची मी घेतली नाही. रंग त्याच हाताचा आहे असे मी नजरेने ठरवले. माझी नजर चुकत नाही असे त्या इमारतीत सगळेच म्हणत. म्हणणाऱ्यांत मीही होते.

सकाळी साडेदहाच्या सुमारास मी पान ट्रेमध्ये सोडले. तिसऱ्या पानाचा समुद्र वेगळ्या हाताने, वेगळ्या निळ्याने रंगवलेला होता. तो सुटला व धक्क्यावरून चढून आकाशात गेला. त्याच क्षणी पान बाहेर काढले असते तर ते डागाळलेले पण शाबूत राहिले असते. डागाळलेले पान माझ्या विभागातून बाहेर जाणे मला मान्य नव्हते. मी डाग घालवण्याचे औषध वापरले व ते परिणाम दिसेना म्हणून वाढवले. दुपारी एकच्या सुमारास पान उचलू लागले तेव्हा ते उचलले गेले नाही. कागदाचा लगदा झाला होता. चूक एक नव्हती, दोन होत्या. पहिली घाईची नव्हे व दुसरीही घाईची नव्हे.

माझा धाकटा भाऊ त्या वेळी वस्तुसंग्रहालयात फ्रेमचे काम करत असे. तोंडात खिळे धरून काम करण्याच्या सवयीमुळे त्याला सगळे खिळ्या म्हणत. शाळेची शेवटची परीक्षा तो तीनदा नापास झाला होता व ही नोकरी त्याला माझ्या शब्दावर मिळाली होती. याची आठवण मी त्याला वेळोवेळी करून देत असे. आमची आई म्हणायची, थोरलीला डोळे दिले, धाकट्याला बोटं; दोघांचं मिळून एक धड माणूस झालं असतं. आई आता हयात नाही.

त्या दिवशी तो फ्रेमचे माप घ्यायला आला व ट्रेपाशी उभा राहिला. मी त्याला दार लावून घ्यायला सांगितले. दार लावून तो म्हणाला, "ताई, मी काढू का हे?" काय काढणार, असे मी विचारले. तो म्हणाला, "तिसरं पान." मी त्याला सांगितले की छपाईची रेष पेनने येत नाही, ती येते असे ज्याला वाटते त्याने भिंगातून कधी पाहिलेले नसते. त्याने ते ऐकून घेतले व माप घेऊन गेला. आठ दिवसांनी त्याने मला एक गलबत आणून दाखवले. मी ते भिंगाखाली धरले. त्यानंतर मी त्याला कागद दिला.

कागद मी माझ्या ताब्यातील एका जुन्या, फुटकळ नकाशांच्या पुस्तकाचे शेवटचे कोरे पान कापून दिला. मूळ पानाचे पूर्ण मापाचे छायाचित्र नोंदीसाठी आधीच काढलेले होते; तेही दिले. रंग मी तोंडी सांगितले. त्याने सात महिने काम केले. सकाळी संग्रहालय उघडण्यापूर्वी व रविवारी दिवसभर, फ्रेमच्या शेडमध्ये. शाई तो स्वतः काजळी व डिंक घोटून करत असे. या सात महिन्यांत दालनात ‘दुरुस्तीसाठी हलवले आहे’ अशी पाटी होती. ती पाटी माझ्या हस्ताक्षरातील आहे.

काम पूर्ण झाल्यावर मी ते दोन तास भिंगाखाली पाहिले. तो शेजारी उभा होता. पाहून झाल्यावर मी त्याला सांगितले की खालून दुसऱ्या रांगेतील तिसऱ्या गलबताचा एक दोर जाड झाला आहे. त्याने तो दुसऱ्या दिवशी बारीक केला. त्या कामाबद्दल मी त्याच्याशी एवढेच बोलले. ते तेव्हापासून त्याच्या अटकेपर्यंत मिळून.

अहवालात मी लिहिले: ‘पाचही पाने स्वच्छ केली, अस्तर लावले, स्थिती उत्तम.’ हा अहवाल खोटा आहे व तो मी लिहिला आहे. पाने फ्रेममधून काढल्याची व परत बसवल्याची नोंद रजिस्टरमध्ये असते. तिसऱ्या पानापुढे माझी सही असायला हवी होती. ती केली असती तर, दुरुस्ती करणारी म्हणून, मला त्या पानाचा स्वतंत्र तपशील जोडावा लागला असता. मी भावाला सही करायला सांगितली. कशावर सही करतोय हे त्याने विचारले नाही. त्याच एका सहीवरून त्याला या गुन्ह्यात धरले होते.

आमच्या कामात एक नियम आहे. अस्तर लावण्यापूर्वी पानाच्या पाठीवर पेन्सिलीने, काय झाले व काय केले, ते खरे लिहायचे. अहवाल वरिष्ठांसाठी असतो. ही नोंद पन्नास-शंभर वर्षांनी जो कोणी अस्तर काढेल त्याच्यासाठी असते व तोपर्यंत ती कोणाला दिसत नाही. तिसऱ्या पानाच्या पाठीवर मी नोंद लिहिली, तारीख घातली, सही केली व मग अस्तर लावले. अहवालात खोटे लिहिणाऱ्या बाईने तिथे खरे का लिहिले, असे तपास अधिकाऱ्यांनी विचारले. नियम आहे म्हणून, असे मी सांगितले.

वर्षभराने भावाने नोकरी सोडली व फ्रेमचे दुकान काढले. माझ्या माहितीप्रमाणे त्याने पुन्हा काही काढले नाही. कागदावर नाही व भिंतीवरही नाही. दर रविवारी तो तिकीट काढून दालनात येत असे व मधल्या पानासमोर उभा राहत असे. तिथला पहारेकरी त्याला दर वेळी विचारायचा, काय रे खिळ्या, सुटलं का गलबत? आणि तो सांगायचा, वारा नाही अजून. हे मला पहारेकऱ्याने माझ्या निवृत्तीच्या दिवशी सांगितले. मी रविवारी दालनात जात नसे.

या वर्षी देखावा बाहेरगावच्या प्रदर्शनास पाठवण्याचे ठरले. त्यासाठी आलेल्या बाहेरच्या परीक्षकाने भिंगातून पाहून सांगितले की तिसरे पान छापील नाही. छापताना पत्र्यातली शाई कागदावर किंचित उठून बसते. या पानावर ती सपाट आहे. त्याने अहवालात असेही लिहिले आहे की पाचही पानांत सर्वांत ठाम रेष तिसऱ्या पानावर आहे. फिर्यादीत वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहपालांनी हे वाक्य घेतलेले नाही. मूळ पान चोरून त्या जागी बनावट बसवल्याची फिर्याद त्यांनी दिली. चार तारखेस भावाला दुकानातून नेले. त्याने लगेच कबुली दिली: पान मी बदललं, मूळ कुठे गेलं ते आठवत नाही. यातील पहिला अर्धा भाग खरा आहे.

नऊ तारखेला मी येथे येऊन घडले ते सांगितले. तपास अधिकारी सभ्यपणे वागले. त्यांनी मला पाणी दिले व म्हणाले, "मॅडम, भावासाठी कोणीही बहीण असंच करेल. पण तुमच्या हातून एकदा तरी चूक झाली, असं सांगणारा एक माणूस मला दाखवा." माझ्या विभागातील चार जणांचे जबाब त्यांनी आधीच घेतले होते. चौघांनी मिळून एकच सांगितले होते: बाईंच्या हातून चूक होत नाही, झाली तर ती कागदाची असते. हा विनोद तिथे फार जुना आहे. तो माझ्यासमोर कोणी केला नव्हता. मी एकही नाव देऊ शकले नाही.

तेव्हा मी पाठीवरच्या नोंदीबद्दल सांगितले. अस्तर कोरडे खरवडून काढता येईल का, असे विचारण्यात आले. ते मी पुरेसे घट्ट लावलेले आहे. खरवडल्यास पानाची पाठ अस्तराबरोबर निघेल व नोंद तिच्याबरोबर जाईल. अस्तर पाण्यातच सोडवावे लागेल. छपाईची शाई तेलाची असते, तिला पाण्याचे भय नाही. काजळी-डिंकाची शाई पाण्यात राहत नाही. पेन्सिल राहते. म्हणजे पुढची बाजू गेल्याशिवाय मागची वाचता येणार नाही, हे मी तपास अधिकाऱ्यांना कागदावर काढून समजावले. त्यांनी संग्रहपालांना फोन केला. संग्रहपालांचे उत्तर मला समोर ऐकू आले: बनावटच आहे ना ते, मग भिजवा की खुशाल.

तेरा तारखेस दुपारी मला भावाला भेटण्याची परवानगी मिळाली. पाठीवर नोंद आहे व ती वाचली की तो सुटेल, असे मी त्याला सांगितले. त्याला नोंदीचे माहीत नव्हते.

तो म्हणाला, "माझं नाव घातलंस त्यात?"

नाव नाही, ‘धाकटा भाऊ’ असे लिहिले आहे, असे मी सांगितले.

"म्हणजे तिथेही धाकटाच," तो म्हणाला व हसला. मग त्याने विचारले, "आणि शाई?"

शाई राहणार नाही, असे मी सांगितले. तो हसायचा थांबला. म्हणाला, "मग नको. ताई, मला इथे काही त्रास नाही. जेवण वेळेवर येतं, आणि कोणी चुका काढत नाही. दोन वर्षं, तीन वर्षं, काय देतील ते बसेन. ते भिजवू नकोस."

मी त्याला सांगितले की ते पान आता पुन्हा भिंतीवर लागणार नाही. संग्रहपालांनी ते फ्रेममधून काढून खाली कोठारात नेऊन ठेवले आहे. तो म्हणाला, "असू दे कोठारात. असेल तर." मी आणखी काही मुद्दे मांडले. त्याने भिंतीकडे तोंड केले. भेटीची वेळ संपण्यास सात मिनिटे बाकी होती.

मी त्याचे ऐकले नाही. त्याच दिवशी सायंकाळी मी अस्तर सोडवण्याचा लेखी अर्ज दिला. हे मी भावाच्या प्रेमापोटी केले का, असे मला विचारण्यात आले. त्याची चोर म्हणून नोंद झाली असती व ती नोंद चुकीची ठरली असती. याहून अधिक उत्तर तपासास आवश्यक नाही असे मला वाटते.

काल सकाळी अकरा वाजता माझ्या जुन्या विभागात दोन पंच, तपास अधिकारी, संग्रहपाल व मी असे हजर होतो. काम विभागाच्या हल्लीच्या प्रमुखबाईंनी केले. त्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. मी टेबलापासून दोन हात दूर, हात मागे बांधून उभे राहावे अशी मला सूचना होती व ती मी पाळली. प्रमुखबाईंनी पानाची पाच ठिकाणी चाचणी घेतली. पाचही टीपकागद काळे झाले. त्यांनी ते संग्रहपालांना दाखवले व विचारले, सर, नक्की ना? संग्रहपाल हो म्हणाले. प्रमुखबाईंनी तपास अधिकाऱ्यांना विचारले. तेही हो म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला विचारण्याचा त्यांना अधिकार नव्हता व मला उत्तर देण्याचा नव्हता. मी मान हलवली.

११ वाजून २० मिनिटांनी पान पाण्यात सोडले. आधी रंग गेला: आकाश, मग समुद्र. रेष पाच मिनिटांत सुटेल असा अंदाज मी अर्जात दिला होता. तो चुकला. ११.२५ ला रेष शाबूत होती, ११.३० लाही होती. एका पंचाने वाकून पाहिले व हे हाताने काढलंय होय, असे म्हणाला. ११.३१ ला धक्क्याची कड हलली. त्यानंतर गोदामे, मग डोलकाठ्या. ११.४० ला जकातघर नव्हते. गलबते उजवीकडून डावीकडे गेली. शेवटचे कोणते हे मी सांगू शकत नाही, कारण त्या वेळी पाणी काळे झाले होते. अस्तर १२ वाजून ५ मिनिटांनी अखंड सुटले.

पाठीवरची नोंद स्पष्ट होती. तपास अधिकाऱ्यांनी ती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली. तिचा मजकूर पंचनाम्यात आहे. मला विचारल्यावरून येथे पुन्हा सांगते: ‘मूळ पान माझ्या हातून नष्ट झाले. चाचणी घेतली नव्हती. नंतर औषधाने उरलेले घालवले. हे पान माझ्या धाकट्या भावाने हाताने काढले आहे. मी ते दोन तास भिंगाखाली पाहिले. मला असे काढता आले नसते. पुढे जो हे अस्तर काढेल त्याने पाणी वापरू नये.’ खाली तारीख व माझी सही आहे. अक्षर माझे आहे व सही माझीच आहे.

शेवटची दोन वाक्ये नऊ तारखेच्या जबाबात का सांगितली नाहीत, असे विचारण्यात आले. त्यांतील पहिले वाक्य तपासाशी संबंधित नव्हते. अखेरचे सांगितले असते तर अस्तर सोडवण्यास परवानगी मिळाली नसती.

आज सकाळी साडेदहा वाजता भावाला सोडण्यात आले. मी ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. तपास अधिकाऱ्यांनी त्याला नोंदीचे छायाचित्र वाचायला दिले. त्याने चष्मा मागून घेतला, ते दोनदा वाचले व परत दिले. हवे असल्यास एक प्रत मिळेल, असे त्याला सांगण्यात आले. तो नको म्हणाला. कमरेचा पट्टा, पाकीट व दुकानाच्या किल्ल्या मिळाल्याची सही करून तो बाहेर आला व माझ्यासमोर थांबला.

तो म्हणाला, "पाण्यात किती टिकलं?"

मी सांगितले, अकरा मिनिटे.

त्याने थोडा विचार केला. "डिंक चांगला मिळायचा तेव्हा," तो म्हणाला व पायऱ्या उतरून गेला. मी त्याला हाक मारली नाही. दुकान ठाण्याच्या डावीकडे आहे. तो उजवीकडे गेला.

मूळ पान नष्ट केल्याबद्दल, खोटा अहवाल दिल्याबद्दल व दुसऱ्याची सही घेतल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल तिला माझी हरकत नाही. नष्ट झालेल्या पानांची संख्या लेखनिकांनी एक अशी लिहिली होती. ती माझ्या सांगण्यावरून दोन अशी केली आहे.

हा जबाब लेखनिकांनी मला पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत वाचून दाखवला. मी तो स्वतःही एकदा वाचला. घडले तसे व मी सांगितले तसेच त्यात उतरले आहे, म्हणून खाली सही करते.